आजारी मूल वेळेत दवाखान्यात पोहोचावं म्हणून गावाने करायची तयारी

आमच्या गावाच्या आरोग्य समितीच्या वहीत पहिल्याच पानावर एका आजारपणाचा हिशोब लिहिलेला आहे. दहा महिन्यांचं पोर. सोमवारी रात्री अंग तापलं. मंगळवारी भगताकडून अंगारा आणला. बुधवारी बाप मजुरीला गेलेला, आजी म्हणाली, उद्या बघू. गुरुवारी आठवडी बाजार, तेव्हा बाजारातच एका ‘डॉक्टर’कडून सुई मारून घेतली. शुक्रवारी पोराच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या तेव्हा जीप करून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं. जीपला वेळ लागला 40 मिनिटं.

पोर वाचलं. पण रस्ता नाही, गाडी नाही, डॉक्टर जागेवर नसतो म्हणून आम्ही इतकी वर्षं ओरडत होतो (आणि ते ओरडणं खोटं नव्हतंच), त्या आमच्या गावात चारातले पावणेचार दिवस घरात आणि बाजारात गेले होते. तेव्हापासून आम्ही जे करत आलो, ते इथे क्रमाने लिहितोय. आमचा भाग जव्हार-मोखाड्याकडचा, पाड्यापाड्यांचा. 1992 साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जो देशभर गाजला, तोच. तुमचं गाव देशावरचं किंवा विदर्भातलं असेल तर तपशील बदलतील, क्रम बहुधा बदलणार नाही.

आधी वेळेचा हिशोब मांडा

प्रत्येक महसुली गावाला ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. बऱ्याच ठिकाणी ती फक्त सह्यांपुरती असते. ती खरोखर बसवा: आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका म्हणजे आपल्या सिस्टर, पंचायतीचा एक सदस्य आणि लहान मुलं असलेल्या किमान तीन-चार बाया. बाया नसतील तर बैठकीत फक्त रस्त्यावर चर्चा होते, हा अनुभव.

मागच्या वर्ष-दोन वर्षांत गावातली जी मुलं जास्त आजारी पडली किंवा दगावली, त्यांचा एकेक दिवस वहीत लिहून काढा. पहिलं लक्षण कधी दिसलं, कुणाला दिसलं, कुणी काय म्हटलं, पैसे कुठून आणले, गाडी किती वाजता मिळाली, दवाखान्यात पहिली तपासणी किती वाजता झाली. दोष कुणाला द्यायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर आई तोंड उघडत नाही. अशी चार-पाच आजारपणं लिहिली की तुमच्या गावात वेळ कुठे सांडतो ते डोळ्यांना दिसतं. आमच्याकडे तो ‘उद्या बघू’त आणि सुईत सांडत होता. शेजारच्या पाड्यात ओढ्यापाशी. दोन्हींचा इलाज एक नाही.

पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची एक ओळ

नाव, जन्मतारीख, जन्माचं वजन, शेवटची लस, शेवटचा दंडघेर (कुपोषण ओळखायला मोजलेला दंडाचा घेर). आशाकडे आणि अंगणवाडी सेविकेकडे नोंदवह्या असतातच, पण दोन्हींतली नावं जुळतात का ते बघा. आमच्याकडे सुरुवातीला सात मुलं अशी निघाली, जी कुणाच्याच वहीत नव्हती. सगळी स्थलांतर करणाऱ्या घरांतली.

दिवाळी झाली की आमची निम्मी माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, होळीला परततात. नेमक्या त्या महिन्यांत बाळाचा 6, 10 आणि 14 आठवड्यांचा डोस येतो. म्हणून दिवाळीच्या आधी दोन आठवडे एक काम ठरलेलं: जाणाऱ्या प्रत्येक घराचं माता-बाल संरक्षण कार्ड तपासायचं, त्याचा फोटो आशाच्या मोबाईलमध्ये ठेवायचा आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्यायचं. लस देशातल्या कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते, त्यासाठी आपल्या गावाचं असावं लागत नाही. हे आईला तीनदा सांगा. भट्टीच्या गावातल्या आशाचा नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं.

जन्माला 2.5 किलोपेक्षा कमी असलेल्या बाळाच्या ओळीला लाल खूण. ही बाळं थंड पडतात, दूध ओढताना दमतात. त्यांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत सिस्टरकडून घरच्या सगळ्यांना शिकवून घ्या. बापालाही. बाप लाजतात, पण दोन दिवसांनी तेच मिरवतात.

धोका ओळखायला आजीला शिकवा

माझ्या मते या सगळ्या लेखातलं हे सगळ्यात मोलाचं काम, आणि याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तिथला नवजात मृत्यूदर हजारी 62 वरून 1997-98 पर्यंत 25 वर आला. 1999 मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे त्याच धर्तीवर देशभरातल्या आशांच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. प्रत्येक भेटीत वजन आणि ताप बघायचा. या तारखा बाळाच्या घराच्या भिंतीवर खडूने लिहा. तारीख उलटली की घरचेच आशाला हाक मारतात.

पण आशा गावात एक आणि रात्री दोन वाजता घरात असते ती आजी. तिला कागद वाचून दाखवून उपयोग नाही.

श्वास मोजण्याचं बघा. न्यूमोनिया ओळखायची सगळ्यात साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. 2 महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांचं 50 किंवा जास्त, आणि 1 ते 5 वर्षांचं 40 किंवा जास्त श्वास घेत असेल तर तो वेग धोक्याचा. आजीला पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तर? हीच अडचण गडचिरोलीत दाईंच्या बाबतीत आली होती. तिथे एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी वापरून मार्ग काढला गेला. आम्ही वाल घेतले. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटावरचं फडकं बाजूला करायचं. एकाने मोबाईलवर एक मिनिट लावायचं. पोट दहा वेळा वर आलं की एक वाल ताटलीत. मिनिट संपल्यावर वाल मोजायचे. तान्ह्याला सहा, रांगत्याला पाच, चालत्याला चार. इतके किंवा जास्त वाल पडले की थांबायचं नाही.

पहिल्यांदा शिकवलं तेव्हा एका आजीने विचारलं, “आणि पोर रडत असलं तर?” रडत असेल तर मोजू नका, आजी, गप्प झाल्यावर मोजा. मग तीच शेजारणीला सांगत होती, “रडतं तवा मोजायचं नाय.” असं दुसऱ्याला सांगितलं की पक्कं होतं.

बाकीच्या खुणा: तान्हं बाळ अंगावर ओढत नाही, हाताला गार किंवा कढत लागतं, नेहमीपेक्षा ढिलं पडलंय, झटके येतात, तळपायापर्यंत पिवळं झालंय, बेंबीतून पू येतोय. कुठल्याही वयाच्या मुलाच्या बरगड्या श्वासाबरोबर आत जातात, प्यायलेलं सगळं उलटून पडतं, किंवा हाक मारली तरी डोळे उघडत नाही. यातली एकही दिसली तर त्याच रात्री निघायचं. सकाळची वाट बघायची नाही. तान्ह्या बाळाला उपकेंद्रात सिस्टर अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन पुढे पाठवू शकतात, त्यामुळे वाटेत उपकेंद्र असेल तर तिथे थांबणं वाया जात नाही.

जुलाबात पाकीट, आणि पूर्ण लिटर पाणी

ओआरएसचं पाकीट आशाकडे फुकट मिळतं. चूक पुढे होते. मी स्वतः एका घरात बघितलं: पाकिटातली चिमूटभर पूड पेल्यात, उरलेली पुडी चुलीच्या वर खोचून ठेवलेली, ओली होऊन गोळा झालेली. आई काटकसर करत होती. पण पाण्याचं आणि पुडीचं प्रमाण बिघडलं की फायदा जातो. सगळं पाकीट एकदम, 1 लिटर पाण्यात. लिटरचं माप नसेल तर बाजारातली पाण्याची 1 लिटरची रिकामी बाटली प्रत्येक घरात धुऊन ठेवायला सांगा. तयार पाणी 24 तास चालतं, नंतर ओतून द्यायचं. वाटी-चमच्याने घोट घोट पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा.

पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ ‘अंदाजाने’ घालू नका, जास्त मीठ घातक.

सोबत झिंकची गोळी, 14 दिवस: 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे, आणि नेमकं तेच होत नाही. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. दुकानात कागदी खोक्यात मिळणारी गोड पेयं ‘ओआरएस’ नावाने खपत होती. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. तरी जुना माल टपरीवर दिसू शकतो. तो जुलाब झालेल्या पोराला पाजू नका.

डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश बसायला लागली किंवा शौचातून रक्त आलं की मात्र घरचा इलाज संपला.

सुई, सलाईन आणि खोकल्याचं औषध

आता जरा कडू बोलतो. आमच्या लोकांना वाटतं, सुई मारली नाही तर डॉक्टरने काही केलंच नाही. हे ज्याला कळलंय तो बाजारात खुर्ची टाकून बसतो. ताप, सर्दी, साधा जुलाब याला बहुतेक वेळा सुईची गरज नसते. वर सुई वापरलेली असेल तर नवा आजार घरी येतो.

समितीने गावात चार नियम सांगून टाकले. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावायचं. काय दिलं ते कागदावर लिहून मागायचं, आणि लिहून न देणाऱ्याकडे पुन्हा जायचं नाही. भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर उठून यायचं. आणि मोठ्या माणसाच्या गोळीचा तुकडा करून मुलाला द्यायचा नाही. निमेसुलाइड हे औषध 12 वर्षांखालच्या मुलांसाठी 2011 पासून बंद आहे, तरी ‘ताप लगेच उतरतो’ म्हणून अजून कुणीतरी देतो.

खोकल्याच्या बाटलीबद्दल वेगळं सांगायलाच हवं. 2025 च्या पावसाळ्याअखेर मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कफ सिरप प्यायलेल्या मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. कित्येकांना नागपूरला आणलं, अनेक दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकोल हे विष निघालं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं सांगणं सरळ आहे: 2 वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं नकोत, 5 वर्षांखाली सहसा नकोत. श्वास मोजा. वेग बरा असेल तर कोमट पाणी, अंगावरचं दूध, उबदार कपडे पुरतात. वेग जास्त असेल तर बाटलीने काही होणार नाही, दवाखानाच.

संशयित डॉक्टरची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी द्या, समितीच्या नावाने. एकट्याच्या सहीने देऊ नका, गावात राहायचं असतं.

भगताला बाजूला ठेवू नका

आम्ही पहिल्या वर्षी भगताशी भांडलो आणि हरलो. दुसऱ्या वर्षी त्यालाच बैठकीला बोलावलं. अंगारा लाव, मंत्र म्हण, पण वाल मोज आणि सहा-पाच-चार दिसले तर ‘माझं काम झालं, आता दवाखान्यात न्या’ असं तूच सांग. त्याचा मान राहतो, पोराचा दिवस वाचतो. आता त्याच्याकडून येणारी मुलं आशाकडून येणाऱ्यांपेक्षा फार कमी नाहीत. पोटफुगीवर तापल्या लोखंडाचे चटके देणं मात्र तडजोडीत बसत नाही. ते बंद, हे स्पष्ट सांगायचं.

लसीकरणाचा दिवस

जागा, वार, वेळ ठरलेली हवी आणि आदल्या संध्याकाळी पाड्यापाड्यात हाक. एवढ्याने निम्मं काम होतं. उरलेलं सुरक्षिततेचं.

31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी 12 लहान मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. अशी चूक दमलेल्या, घाईतल्या माणसाकडून होते, म्हणून टेबलावर लशीशिवाय दुसरी बाटली नकोच, आणि देण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचायचं. आईने विचारलं, “सिस्टर, ही कशाची?” तर सिस्टरने रागवायचं नाही, हे दोघींनाही आधी सांगून ठेवा. लशीच्या कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, सारखा किंवा गडद झाला तर टाकायची. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस कालवल्यावर 4 तासांत संपवायची किंवा फेकायची, म्हणून कुपी उघडल्याची वेळ तिच्यावर लिहिलेली दिसली पाहिजे. लस दिल्यावर अर्धा तास बसायचं. त्यासाठी सावली आणि पिण्याचं पाणी लागतं. ते समितीचं काम.

ताप येईल हे आधी सांगितलं नाही तर पुढच्या वेळी आई येत नाही.

दंडघेर

6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती पट्टी लावायची. 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 मध्यम. दोन्ही पायांवर सूज असेल तर पट्टी काहीही सांगो, मूल तीव्रच धरायचं. पट्टी अंगणवाडी सेविकेकडे असते, आईलाही वापरता येते. भूक चांगली असेल तर गावातल्या बाल विकास केंद्रात, आजारी असेल किंवा खात नसेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात. तिथे आईला मुलासोबत राहावं लागतं आणि घरी बाकीची पोरं, शेळ्या, रोज बुडतो. बुडीत मजुरी मिळते, ती कागदपत्रं आधीच तयार ठेवा. आणि घरच्या पोरांना त्या दिवसांत कोण जेवू घालणार ते बैठकीत नावानिशी ठरवा. हे ठरलं नाही तर आई तिसऱ्या दिवशी परत येते, दरवेळी.

गाडी, रात्र आणि पावसाळा

108 आणि 102 हे दोन नंबर प्रत्येक दारावर रंगवा. 108 तातडीची रुग्णवाहिका, 102 गरोदर माता आणि वर्षाच्या आतल्या बाळांसाठी, परतीच्या प्रवासासह फुकट. पण गाडी रस्ता संपतो तिथवरच येते, आणि फोन लागतो तो टेकडीवरच्या एका दगडापाशी. तेव्हा ठरवायचं ते हे: रात्री दगडापर्यंत पळणारी दोन पोरं कोण, डोलीला खांदा देणारे सहा कोण, कांबळं-बॅटरी कुणाच्या घरी, आणि 108 तासाभरात आली नाही तर कुणाची जीप, किती रुपयांत. भाडं दिवसाउजेडी ठरवून वहीत लिहा. रात्री दोन वाजता भाडं ठरवायला बसलं की जीपवाल्याचं आणि आपलं, दोघांचंही बिनसतं.

पैशाची सोय: समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंतचा अबंध निधी, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा पैसा, येतो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो. पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि त्यात आरोग्यावर खर्च करता येतो. ग्रामसभेत ठराव घ्या, नुसतं बोलून येऊ नका. सरकारी आरोग्य केंद्र आणि रुग्णालयांतला उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यात निःशुल्क आहे, तेव्हा केसपेपरचे पैसे मागितले तर पावती मागा.

पावसाळ्यात ज्या पाड्यांचा संपर्क तुटतो, तिथे जूनच्या आत ओआरएस, झिंक आणि तापाचं औषध पोहोचलं पाहिजे. आदिवासी भागात भरारी पथकाच्या, म्हणजे फिरत्या आरोग्य पथकाच्या, भेटीची तारीखही मागून घ्या. दिवस भरत आलेल्या बाईला ओढ्याच्या दवाखान्याकडच्या काठाला आणून ठेवा.

साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. पैंजण-तोडे काढायचे, पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि निघायचं. विंचवाचं मुलांमध्ये हलकं घेऊ नका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर दाखवून दिल्यापासून कोकणातली कितीतरी मुलं वाचली, पण ती गोळी वेळेत पोहोचणाऱ्यालाच उपयोगी. कुत्रं चावलं तर 15 मिनिटं साबणाने वाहत्या पाण्यात धुऊन त्याच दिवशी लस.

दवाखान्याकडून मागायचं ते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आमच्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वाकडी पावलं यांवर पुढे फुकट शस्त्रक्रिया होते. पथकाची तारीख आठ दिवस आधी मागून घ्या, नाहीतर ते येतं त्या दिवशी नेमकं तेच मूल रानात असतं.

डॉक्टर नाही, औषध नाही, कुणी हुसकावून लावलं, तर तारीख, वेळ आणि आपल्याला दिलेलं उत्तर जसंच्या तसं वहीत. तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा, आवाज न चढवता. आमच्याकडे रात्री कुलूप असायचं; अशा नऊ तारखा वाचून दाखवल्यावर रात्रीच्या ड्युटीचा कागद दाराला लागला. हलेना तर तालुक्याला, मग ग्रामसभेचा ठराव.

पहिल्या बैठकीला न्यायचं सामान: शंभर पानी वही, दंडघेर पट्टी, ओआरएसचं एक पाकीट, लिटरची बाटली, मूठभर वाल. आणि बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नका, कुणी येत नाही.